आधाराचा हात : वैयावृत्त्याची आपली परंपरा

सोलापूर-धुळे महामार्गावरील आपले तेरखेडा फटाक्यांच्या उद्योगामुळे दूरवर परिचित आहे. परंतु जैन बांधवांच्या दृष्टीने या परिसराचे खरे वैभव म्हणजे भूम तालुक्यातील सिद्धक्षेत्र कुंथलगिरी, कुलभूषण व देशभूषण या मुनिद्वयाची निर्वाणभूमी. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी, ज्यांचे पाय थकले आहेत अशा वडीलधाऱ्यांना हाताला धरून घराबाहेर, देवदर्शनाला नेण्याच्या सेवेचा इतिहास आठवणे उचित ठरेल.

या सेवेला आपल्या शास्त्रात 'वैयावृत्त्य' असे नाव आहे. तत्त्वार्थसूत्रात तिची गणना सहा अंतरंग तपांमध्ये केली आहे आणि सेवेस पात्र अशा दहा प्रकारच्या साधूंमध्ये 'ग्लान' म्हणजे रोगपीडित साधूचाही समावेश आहे. ध्यान आणि स्वाध्याय यांच्या पंक्तीला ही सेवा बसविली गेली, यातच तिचे महत्त्व स्पष्ट होते. शिवार्यकृत 'भगवती आराधना' या प्राचीन ग्रंथात सल्लेखना घेणाऱ्या क्षपकाच्या सेवेसाठी अठ्ठेचाळीस निर्यापक मुनींची व्यवस्था सांगितली आहे. चार-चार जणांकडे एकेक काम सोपविलेले असते. त्यांपैकी चौघांचे काम क्षपकाला उठविणे, बसविणे, निजविणे आणि चालविणे हे होय. अशक्त देहाला चार पावले चालविण्याच्या कामाचीही इतकी काटेकोर आखणी आपल्या पूर्वाचार्यांनी करून ठेवली आहे.

ही परंपरा ग्रंथातच राहिली नाही. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज (जन्म १८७२) गृहस्थावस्थेत बेळगाव जिल्ह्यातील भोज गावचे सातगौडा पाटील होते. शरीराने अत्यंत बलवान असलेले सातगौडा आदिसागर मुनींना खांद्यावर घेऊन दूधगंगा-वेदगंगा संगम पार करवीत. वयाच्या सुमारे बत्तिसाव्या वर्षी ते सम्मेद शिखरजीच्या यात्रेस गेले. पर्वत चढताना थकलेल्या एका वृद्धेला त्यांनी पाठीवर घेतले आणि तिची वंदना पूर्ण करविली, अशी आठवण पं. सुमेरुचंद्र दिवाकर यांच्या 'चारित्रचक्रवर्ती' या चरित्रग्रंथात आली आहे. शिखरजीची वंदना चढण, परिक्रमा व उतरण मिळून सुमारे सत्तावीस किलोमीटरची मानली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सेवेचे मोल कळते. मुनिदीक्षा त्यांनी पुढे १९२० साली घेतली. वैयावृत्त्याचे तप मात्र आधीच सुरू झाले होते.

याच महापुरुषाने वृद्धापकाळी दृष्टी मंदावल्यामुळे जीवदयेचे पालन निर्दोष होणार नाही, हे जाणून १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना स्वीकारली. छत्तीस दिवसांनी, रविवार १८ सप्टेंबर १९५५ रोजी, त्यांची समाधी झाली. जो देह इतरांना पैलतीरी नेत होता, तो आपल्या या डोंगरावर विसावला. म्हणून या क्षेत्राच्या छायेत राहणाऱ्या आपणांवर या सेवेचे उत्तरदायित्व अधिक आहे.

शिखरजी, गिरनार, शत्रुंजय येथे वृद्धांसाठी मजुरीवर डोली मिळते. डोलीवाल्यांचे कष्ट वंदनीयच आहेत. राज्य शासनानेही ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एस. टी. प्रवास मोफत केला. परंतु घराच्या उंबरठ्यापासून एस. टी.च्या उंच पायरीपर्यंतचे अंतर कोणत्याही सवलतीने मिटत नाही. तेथे माणसाचाच हात लागतो. कित्येक आजी-आजोबांची दर्शनाची इच्छा एवढ्याशा अंतरावर अडून राहते. घरच्यांना त्रास नको, म्हणून ते बोलूनही दाखवीत नाहीत.

तरुणांनी हे काम हाती घ्यावे. त्यास फार मोठा निधी लागत नाही. ऊन चढण्यापूर्वी निघावे. वृद्धांना ओढू नये. आपला हात पुढे करावा व त्यांना तो धरू द्यावा. पायऱ्या चढताना एक पायरी मागे आणि उतरताना एक पायरी पुढे राहावे. चाल त्यांची, आधार आपला. विश्रांतीला बसल्यावर त्यांच्या आठवणी अवश्य ऐकाव्यात, कारण समाजाचा अलिखित इतिहास त्यांच्यापाशीच आहे.

पन्नास वर्षांच्या वाटचालीत ज्यांनी समाजाचा भार खांद्यावर वाहिला, त्यांपैकी अनेकजण आज काठी टेकीत दाराशी बसले आहेत. त्यांना एकदा कुंथलगिरीच्या पायऱ्यांपर्यंत नेऊ या. सुवर्णमहोत्सवाची याहून मोठी सार्थकता कोणती?

जय जिनेंद्र!