हिचकॉक, आल्फ्रेड : चित्रपटविषयक विचार

हिचकॉक, आल्फ्रेड जोसेफ : (१३ ऑगस्ट १८९९ – २९ एप्रिल १९८०). ब्रिटिश-अमेरिकन चित्रपटदिग्दर्शक. जन्म लंडनलगतच्या लेटनस्टोन येथे, मृत्यू लॉस अँजेलिस येथे. मूकपटांतील संवादपाट्या तयार करण्यापासून त्यांची कारकीर्द सुरू झाली व पुढे त्यांनी पन्नासाहून अधिक चित्रपट दिग्दर्शित केले. त्यांच्या मतांचा प्रमुख आधार म्हणजे फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्र्यूफो यांनी १९६२ मध्ये घेतलेली व १९६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली प्रदीर्घ मुलाखत होय.

उत्कंठा : मराठीत हिचकॉक यांच्या चित्रपटांना सरसकट ‘रहस्यपट’ म्हटले जाते, तथापि ही संज्ञा त्यांच्या मूळ भूमिकेशी विसंगत आहे. रहस्यात प्रेक्षकापासून काहीतरी दडवलेले असते आणि त्याची केवळ जिज्ञासा चाळवली जाते, तर उत्कंठेत पात्रांना ठाऊक नसलेली गोष्ट प्रेक्षकाला आधीच सांगितलेली असते व त्यामुळे त्याचा जीव टांगणीला लागतो, असा भेद ते करीत. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो; परंतु तो ठरावीक वेळी फुटणार हे त्याला माहीत असेल, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही त्याला असह्य होतात, हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण.

या तत्त्वाची मर्यादाही त्यांनी स्वतःच नोंदवली. ‘सॅबोटाज’ (१९३६) मध्ये एक शाळकरी मुलगा नकळत बॉम्बचे पुडके घेऊन लंडनमधून निघतो. रस्त्यावरचा विक्रेता, मग मिरवणूक यांमुळे तो रेंगाळतो, बसमध्ये शेजारच्या कुत्र्याच्या पिलाशी खेळतो, मधूनमधून घड्याळाचे काटे दिसत राहतात आणि अखेर स्फोटात तो मरतो. एवढी काळजी लावल्यानंतर प्रेक्षकाला सुटकेचा निःश्वास न देणे ही आपली चूक होती, असे त्यांनी पुढे मान्य केले. ‘व्हर्टिगो’ (१९५८) मध्ये नायिकेचे खरे रूप मूळ कादंबरीप्रमाणे शेवटी न उलगडता बऱ्याच आधी प्रेक्षकासमोर उघड केले आहे. धक्का सोडून उत्कंठा निवडण्याचा हा निर्णय त्यांच्या विचारांचा सर्वांत स्पष्ट पुरावा मानावा लागेल. ‘सायको’ (१९६०) मात्र बराचसा धक्क्यावर उभा असल्याने या चौकटीत पूर्णपणे बसत नाही.

मॅकगफिन : कथेतील पात्रे जिच्यासाठी जिवावर उदार होतात, परंतु प्रेक्षकाच्या दृष्टीने जिला फारसे महत्त्व नसते अशी वस्तू वा गुपित; ‘नोटोरियस’ (१९४६) मधील दारूच्या बाटल्यांत लपवलेले युरेनियम हे याचे उदाहरण.

अभिनेते : नटांना गुरांसारखे वागवावे, हे त्यांच्या नावावरील विधान फार गाजले; अभिनेत्री कॅरोल लोम्बार्ड यांनी ‘मिस्टर अँड मिसेस स्मिथ’ (१९४१) च्या चित्रीकरणस्थळी खरीखुरी वासरे आणून त्याला उत्तर दिले. या विधानामागे निश्चित कलाविचार होता. दृश्याचा अर्थ नटाच्या चेहऱ्यावरून नव्हे, तर तो काय पाहतो ते लगेच पुढच्या चित्रचौकटीत दाखवून, म्हणजेच संकलनातून सिद्ध होतो, अशी त्यांची धारणा असल्याने नटाने संयत, जवळजवळ तटस्थ राहावे, असा त्यांचा आग्रह असे. ‘रिअर विंडो’ (१९५४) मधील खिडकीशी खिळलेला नायक हे त्याचे उत्तम प्रात्यक्षिक होय. भूमिकेच्या अंतर्मनातून प्रत्येक हालचालीचे कारण शोधणाऱ्या ‘मेथड’ अभिनयपद्धतीशी त्यांचे जमले नाही. ‘आय कन्फेस’ (१९५३) च्या वेळी माँटगोमेरी क्लिफ्ट यांच्याशी त्यांचे याच मुद्द्यावरून मतभेद झाले. असे असले तरी केरी ग्रँट व जेम्स स्ट्यूअर्ट यांना त्यांनी प्रत्येकी चार चित्रपटांत घेतले. अभिनेत्रींशी असलेल्या त्यांच्या वर्तनाविषयी, विशेषतः टिपी हेड्रन यांनी केलेल्या आरोपांमुळे, वाद आहेत.

चित्रनिर्मिती : केवळ संभाषण करणाऱ्या माणसांच्या चित्रीकरणाला ते चित्रपट मानीत नसत. आवाज बंद केला तरी कथा कळली पाहिजे, ही मूकपटांतून आलेली कसोटी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. ‘सस्पिशन’ (१९४१) मध्ये जिना चढणाऱ्या नायकाच्या हातातील दुधाच्या पेल्यात दिवा ठेवून तो उजळवला आहे. त्यामुळे एकही शब्द न उच्चारता प्रेक्षकाची नजर त्या पेल्यावर आणि मन विषाच्या शंकेवर खिळते. चित्रपट चित्रीकरणाआधीच कागदावर पूर्ण झालेला असतो, हे त्यांचे म्हणणे अभ्यासकांनी अलीकडे शब्दशः स्वीकारलेले नाही.

संगीत : ‘सायको’ मधील स्नानगृहाचा प्रसंग संगीताविना ठेवण्याचा विचार संगीतकार बर्नार्ड हरमन यांची रचना ऐकल्यावर त्यांनी सोडून दिला.