पावसाळी हिरवळ : पाणी घालण्यापेक्षा पाणी काढणे महत्त्वाचे

वसई-विरार परिसरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारणपणे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बैठ्या घरांच्या आणि बंगल्यांच्या अंगणात हौसेने लावलेली हिरवळ नेमकी याच दिवसांत पिवळी पडते. चिखलाला कंटाळून मग अनेक घरमालक अंगणात फरशी बसवून घेतात. मात्र फरशीवर पडलेले पाणी जमिनीत मुरत नाही, ते रस्त्यावर आणि शेजारच्या तळमजल्यात शिरते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी साचून पश्चिम रेल्वेची वाहतूक थांबली होती. पाणी मुरवणारी वसईची पारंपरिक बावखले अनेक ठिकाणी बुजत असताना अंगणातील मोकळ्या मातीचे मोल वाढले आहे. त्यामुळे हिरवळ टिकवणे हा केवळ शोभेचा प्रश्न राहिलेला नाही.

गवत पिवळे का पडते?

मातीच्या कणांमधील पोकळीत हवा असते व मुळे त्या हवेवर श्वसन करतात. पाणी साचले की ही पोकळी भरून जाते, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती कुजू लागतात. त्याच वेळी मातीतील नत्र पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणजे गवत तहानलेले नसते, ते गुदमरलेले आणि भुकेलेले असते.

परदेशी सल्ला येथे अपुरा

इंग्लंडसारख्या थंड व ओल्या प्रदेशांत राय, फेस्क्यू ही गवते लावतात. त्यांची वाढ सुमारे १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात उत्तम होते. वसईचा पावसाळा ओला असला तरी उबदार असतो आणि त्यामागून कडक उन्हाळा येतो. येथे उष्ण हवामानातील गवतेच तग धरतात. उघड्या, भरपूर उन्हाच्या जागी हरळी किंवा कोरियन गवत योग्य ठरते. खाडीलगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, तेही ही दोन्ही गवते बऱ्यापैकी सोसतात. झाडाच्या विरळ सावलीत रुंद पानांचे कार्पेट गवत लावावे. मात्र त्याला खारे पाणी मानवत नाही. इमारतीच्या दाट सावलीत हिरवळीचा हट्ट न धरता सावलीत वाढणारी झाडे लावणे शहाणपणाचे.

मे महिन्यातील तयारी

प्रथम निचरा तपासावा. एक फूट खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी २४ तासांनंतरही उरले, तर निचरा कमकुवत आहे असे समजावे. किनाऱ्याजवळच्या रेताड जमिनीत ही अडचण कमी असते, चिकण मातीत व भराव टाकलेल्या जागेत ती अधिक जाणवते. अंगणाला घरापासून बाहेरच्या बाजूस दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार द्यावा. दाबून घट्ट झालेल्या मातीत लोखंडी सळईने दहा ते पंधरा सेंटिमीटर अंतरावर, आठ-दहा सेंटिमीटर खोल भोके पाडून त्यांत जाड वाळू भरावी. समुद्राची वाळू वापरू नये, तिच्यातील क्षार मुळांना बाधतात.

पावसाळ्यातील निगा

गवत एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक कापू नये. पावसाळ्यात ते थोडे उंच, चार ते पाच सेंटिमीटर ठेवावे, कारण ढगाळ हवेत अन्न तयार करण्यास पानांचा पृष्ठभाग मोठा लागतो. कापणी उघडीप पाहून, धारदार पात्याने करावी. ओले गवत बोथट पात्याखाली फाटते आणि जखमेतून बुरशी शिरते. कापलेल्या गवताचे ओले ढीग हिरवळीवर राहू देऊ नयेत. भिजलेल्या जमिनीवर चालणे टाळावे.

मुसळधार पावसाच्या तोंडावर खत टाकणे म्हणजे ते गटारात ओतणे होय. उघडीप मिळाल्यास दर चौरस मीटरला सुमारे दहा ग्रॅम युरिया कोरड्या पानांवर सारखा पसरून हलके पाणी द्यावे. त्याहून अधिक नत्र दिल्यास पाने कोवळी राहतात व बुरशीला आमंत्रण मिळते. तपकिरी गोल डाग दिसल्यास आधी खत थांबवावे, निचरा सुधारावा. शेवाळ हेही रोगापेक्षा ओल आणि सावलीचे लक्षण आहे. ते खरवडून काढले तरी ओल कायम राहिल्यास पुन्हा येते.

लव्हाळा हे येथील चिवट तण. वरचे पाते तोडल्यास जमिनीतील गाठी पुन्हा फुटतात. माती ओली असताना तो गाठींसह उपटावा. हरळी म्हणजेच दुर्वा. गणेशोत्सवात पूजेसाठी ती अंगणातूनच खुडली जात असेल, तर तेथे तणनाशक वा बुरशीनाशक फवारू नये.

पावसाळ्यानंतर

ऑक्टोबरमध्ये वाळू व चाळलेले शेणखत समप्रमाणात मिसळून अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. दहा चौरस मीटरसाठी असे सुमारे पन्नास लिटर मिश्रण पुरते. त्यानंतर रोज शिंपडण्याऐवजी अंतराने, पण खोलवर पाणी द्यावे, म्हणजे मुळे खाली जातात. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई जाणवत असेल, तर हिरवळीचा आकार आटोपशीर ठेवावा आणि उरलेल्या जागेत फरशीऐवजी झाडे वा पाणी मुरू देणारी खडी ठेवावी. हरळी उन्हाने करपलेली दिसली तरी तिची जमिनीतील खोडे सहसा जिवंत असतात व पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा हिरवी होते.