क्रियापदाच्या शेपटीत लपलेला इतिहास

आजच्या भागात आपण न्यूझीलंडला जाणार आहोत, तेही व्याकरण शिकायला. कंटाळू नका, कारण या व्याकरणात इतिहास दडलाय.

मराठीत आपण म्हणतो, मी गेलो, ती गेली, ते जातील. काळ, लिंग, वचन, सगळं क्रियापदाला चिकटतं. माओरीत तसं नाही. जाणे म्हणजे 'हाएरे', आणि हा शब्द कायम तसाच राहतो. काळ सांगतो तो त्याच्या आधी येणारा छोटासा शब्द. 'इ हाएरे इआ' म्हणजे तो गेला. 'कुआ हाएरे इआ' म्हणजे तो गेलेला आहे. 'केइ ते हाएरे इआ' म्हणजे तो जातोय. आणि 'इआ' म्हणजे तो किंवा ती, दोन्ही. क्रियापद पुढे, कर्ता मागे.

एक गोष्ट मात्र आपल्याला ओळखीची वाटेल. आपण 'आपण' आणि 'आम्ही' असा भेद करतो ना? माओरीतही आहे. 'तातोउ' म्हणजे तुम्हाला धरून आपण सगळे, 'मातोउ' म्हणजे तुम्हाला वगळून आम्ही. इंग्रजी बोलणाऱ्याला हा भेद मुद्दाम शिकावा लागतो, मराठी माणसाला नाही.

हे सगळं कागदावर कधी आलं? १८२० साली. मिशनरी थॉमस केंडल, होंगी हिका हा सरदार आणि त्याचा सोबती वाइकातो इंग्लंडला गेले. तिथे केंब्रिजचे प्राध्यापक सॅम्युएल ली यांच्याबरोबर बसून माओरीचं व्याकरण आणि शब्दसंग्रह तयार झाला. आपल्याकडे विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापलं गेलं होतं. म्हणजे काळ साधारण तोच, माणसंही मिशनरीच.

आता खरी गंमत. कर्मणी प्रयोगात माओरी क्रियापदाला शेपूट लागतं. कारांगा (हाक मारणे) चं होतं कारांगातिआ. होपू (पकडणे) चं होपुकिआ. इनु (पिणे) चं इनुमिआ. कधी त, कधी क, कधी म. हे व्यंजन येतं कुठून? भाषाशास्त्रज्ञ सांगतात, ते मूळ शब्दाचंच होतं. मलाय भाषेत पिणे म्हणजे 'मिनुम'. तो शेवटचा म माओरीत शब्दाच्या टोकावरून गळून पडला, पण प्रत्ययाच्या आडोशाला टिकून राहिला! आजचे माओरी शब्द स्वरानेच संपतात, म्हणून तो एरवी ऐकूच येत नाही.

आणि इथे प्रश्न गंभीर होतो. १८६७ च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळांत शिक्षण इंग्रजीतून सुरू झालं. पुढे शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा झाल्या. मोठी झाल्यावर त्यातल्या अनेकांनी आपल्या मुलांशी माओरी बोलणंच सोडलं. १४ सप्टेंबर १९७२ ला हाना ते हेमारा आणि त्यांचे सहकारी तीस हजारांहून जास्त सह्या घेऊन संसदेवर गेले. मागणी साधी होती, शाळेत माओरी शिकवा. १९८२ पासून 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेची घरटी, ही बालकेंद्रं सुरू झाली. १९८७ मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली.

पण आज शिकणाऱ्या अनेकांच्या घरात आजीआजोबांनंतर भाषेत खंड पडलेला आहे. कुठल्या शब्दाला कुठलं शेपूट, हे आजीच्या बोलण्यातून आपोआप कळतं. ते नसेल तर तक्ता पाठ करावा लागतो. नव्या शब्दांना सरसकट 'तिआ' लागतं, आणि सोपं म्हणून जुन्यांनाही तेच लावायचा मोह होतो. तसं झालं तर तो जुना म पुन्हा हरवेल, आणि या वेळी आडोसाही उरणार नाही.

म्हणून तिथला कुणी पंचविशीतला तरुण 'इनुमिआ' घोकताना दिसला, तर त्याला हसू नका. शाळेत हिसकावलेली गोष्ट तो एकेक व्यंजन करून परत आणतोय.

भेटूया पुढच्या भागात. तोवर माओरीत निरोप, 'हाएरे रा'. जाणाऱ्याला म्हणतात तो. क्रियापद ओळखलंत ना?