चाकणचा संग्रामदुर्ग

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. सिंहगड, शिवनेरी, लोहगड ही नावे आपली लहान मुलेसुद्धा घडाघडा सांगतात. पण आपल्या अगदी शेजारी, पुणे-नाशिक रस्त्यावरच्या चाकण गावात, एक किल्ला आहे, त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही. चाकण म्हटले की आपल्याला कांद्याचा बाजार आठवतो, नाहीतर कारखाने. म्हणून या स्मरणिकेत संग्रामदुर्गाविषयी चार शब्द लिहीत आहे.

हा भुईकोट आहे. डोंगरी किल्ल्याचे निम्मे रक्षण डोंगरच करतो. भुईकोटाला तो आधार नाही. जे काही करायचे ते माणसाने आपल्या हातांनी करावयाचे. चाकणच्या कोटाचा घाट साधारण चौकोनी. कोपऱ्यांवर आणि तटाच्या मध्यावर बुरूज, बाहेरून खोल खंदक आणि आत शिरायला एकामागून एक दरवाजे, म्हणजे पहिला दरवाजा फोडला तरी शत्रू लगेच आत आला असे होऊ नये. कोटात दामोदर विष्णूचे देऊळ आहे.

जागाही मोक्याची. पुण्याहून जुन्नरकडे आणि अहमदनगरकडे जाणाऱ्या वाटांवर येथून नजर राही. म्हणून बहामनी काळापासून या ठाण्याला मान होता. १४५३ च्या सुमारास बहामनी सरदार मलिक-उत्-तुजार याने कोकणच्या मोहिमेसाठी येथेच तळ केला होता. पुढे फिरंगोजी नरसाळा हे येथील किल्लेदार झाले आणि १६४७ च्या सुमारास ते शिवाजीमहाराजांना येऊन मिळाले. महाराजांनी किल्ला त्यांच्याच हाती ठेवला.

तो विश्वास त्यांनी कसा राखला हे १६६० साली दिसले. औरंगजेबाचा मामा शाएस्तेखान मोठी फौज घेऊन मे महिन्यात पुण्यात आला. अहमदनगरहून येणाऱ्या रसदेची वाट निर्धास्त व्हावी म्हणून त्याला चाकण हवे होते. २१ जूनला त्याने वेढा घातला. किल्ल्यात माणसे तीन-साडेतीनशेच्या आसपास, आणि बाहेर तंबूंचा समुद्र. महाराज त्या वेळी पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले. जुलैत ते तेथून निसटून विशाळगडावर पोचले, पण चाकणला मदत पाठविणे शक्य नव्हते. मदत येणार नाही, तरी लढायचे, अशी ती वेळ होती.

दिवस भर पावसाळ्याचे. आपल्या घरात चार दिवस झड लागली तर सरपण भिजते, धान्याला बुरशी येते, म्हणून आपण हवालदिल होतो. तेथे तर दारू कोरडी ठेवायची, दाणागोटा पुरवून खायचा आणि रात्रंदिवस तटावर जागायचे होते. असे पन्नासावर दिवस गेले. तोफांनी काम होईना तेव्हा खानाने जमिनीखालून भुयार खणून ईशान्येच्या बुरुजाखाली सुरुंग भरविला. १४ ऑगस्टला तो उडाला आणि बुरूज त्यावरच्या माणसांसह उद्ध्वस्त झाला. तरीही आतल्यांनी मातीचा बांध घालून, बाण आणि दगडधोंडे यांचा मारा करून ती रात्र काढली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. मोगलांची २६८ माणसे ठार आणि ६०० जखमी झाली. खानाने फिरंगोजींना बादशाही चाकरी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. किल्ल्याचे नाव इस्लामाबाद ठेवले गेले, पण लोकांच्या तोंडी चाकण ते चाकणच राहिले.

सपाट जमिनीवर खंदक खणून बांधलेले असे कोट दूरच्या फ्रान्स देशातही खेडोपाडी होते. तेथे १६२६ साली राजाने हुकूमच काढला, की सरहद्दीवर नसलेल्या कोटांचे तट पाडावेत. सरदारांनी बंड करू नये हा हेतू. त्यांतून जे वाचले ते आज ते लोक निगुतीने जपतात आणि प्रवासी पैसे मोजून पाहतात.

आपल्या संग्रामदुर्गाचा तट आता जागोजाग ढासळला आहे, खंदकही पूर्वीचा राहिला नाही. भोवती गाव वाढले, ते वाढणारच. माणसांना राहायला जागा लागते. पण खंदक ही केर टाकण्याची जागा नव्हे आणि तटाचा दगड कोणाच्या पायरीचा नव्हे, एवढे तरी आपण घरात सांगू शकतो. मोठी कामे सरकार करील, परंतु मुलांना वळण लावण्याचे काम आपलेच आहे.

मंडळाची पुढची सहल लांब न नेता चाकणला न्यावी, अशी माझी सूचना आहे. सोबत मुलांना घ्यावे. ईशान्येच्या कोपऱ्याशी उभे राहून त्यांना सांगावे, की मदतीची आशा नसताना मूठभर माणसांनी येथे सुमारे ५६ दिवस एका मोठ्या फौजेला रोखून धरले होते.