घरोट्याची पहाट

भुसावळ तालुक्यांतील वरणगांव आज ओळखलें जातें तें तेथील काडतुसांच्या कारखान्यामुळें. संरक्षण खात्याचा हा कारखाना 1964 सालीं उभा राहिला, आणि गांवांतील कित्येक घरांची पहाट कामगारांच्या पाळीप्रमाणें ठरूं लागली. त्यापूर्वीं वरणगांवींच काय, साऱ्या खानदेशांत पहाट होई ती दळणाच्या घरघरीनें. इतरत्र ज्यास जातें म्हणतात, त्याचें या भागांतील बोलीमध्यें नांव आहे घरोटा. त्या नांवांतच त्याचा आवाज भरलेला आहे.

घरोट्याची रचना अगदीं साधी. दगडाच्या दोन वाटोळ्या तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. मध्यभागीं खुंटी आणि कडेला हातीं धरावयाचा लांकडी खुंटा. एका हातानें खुंटा फिरवावयाचा आणि दुसऱ्या हातानें मूठमूठ दाणे वैरावयाचे. दगड गुळगुळीत झाला, कीं टाकी लावून तो पुन्हां खरबरीत करून घ्यावा लागे. दळण रोजचेंच असे, आणि त्यास कारणही होतें. बाजरीचें पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतें. ज्वारीच्या शिळ्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापतांना फाटते. घरांत खाणारीं तोंडें दहा असोत कीं पंधरा, तेवढें पीठ उजाडण्यापूर्वीं कोणाच्या तरी दोन हातांनीं निघालें पाहिजे, हा नियम होता.

हे श्रम गाण्यावांचून निभण्यासारखे नव्हते. बाराव्या शतकांत, 1129 च्या सुमारास, चालुक्य राजा सोमेश्वर यानें 'मानसोल्लास' ग्रंथांत महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात, असें नमूद केलें आहे. उखळापाशीं गाइली जाणारी ही ओवी जात्यापाशींही तितकीच रमली. जनाबाईस दळूं लागणारा विठ्ठल ही कथा तर घरोघर पोहोंचली. दिवसभर मान खालीं घालून वावरणारी सून अंधारांत जात्यापाशीं बसे, तेव्हां माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरी हें सारें तिच्या मुखांतून बाहेर पडे. दगडाच्या आवाजाचा आडोसा तिला होता.

खानदेशानें या आवाजाचें मोल जाणलें. अमळनेर येथें 1924 ते 1930 या काळांत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं पुढें 'स्त्रीजीवन' या ग्रंथांत स्त्रियांच्या ओव्यांचा मोठा संग्रह केला. जळगांवजवळच्या असोदें गांवीं 1880 सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. तरी घरकाम आणि शेतकाम करतां करतां त्यांनीं जीं गाणीं रचिलीं, त्यांत घरोट्यासही स्थान मिळालें. 1951 सालीं त्या निवर्तल्या आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. घरच्या माणसांनीं तीं लिहून ठेविलीं नसतीं, तर घरोट्याच्या घरघरीबरोबर तींही विरून गेलीं असतीं.

पुढें पिठाची गिरणी आली. प्रथम तेलाच्या इंजिनावर, मग विजेवर. पायलीभर दळण कांहीं मिनिटांत होऊं लागलें. घरोटा गेला याबद्दल हळहळणारे बहुधा त्याचा खुंटा न धरलेले असतात. बाळंतीण असो वा आजारी, दळण जिला चुकलें नाहीं, तिला गिरणीचा भोंगा सुटकेचाच वाटला असेल. ती सुटका खोटी ठरविण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

परंतु श्रमाबरोबर तो एकांतही गेला. उरलेला वेळ इतर कामांनीं व्यापला. तिच्या गाण्यासाठीं तो कोणी राखून ठेविला नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस हेमा राईरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खेडोपाडीं फिरून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, तेव्हां या मौखिक भांडाराचा आवांका सुशिक्षितांच्या ध्यानांत आला.

अद्याप लग्नघरीं हळद दळावयास जातें मांडतात. सुवासिनी त्याची पूजा करून चार फेरे फिरवितात, आणि मग तें पुन्हां कोपऱ्यांत जातें. दगड जपणें सोपें आहे. त्यावर झुकून जी बोलत होती, तिचें ऐकून घेण्याची जागा घरांत दुसरी कोठें केली, हा प्रश्न मात्र त्या कोपऱ्यांत तसाच राहिला आहे.