बुद्धिबळातला वेगळा किताब

शाळेच्या ओसरीवर बुद्धिबळाचा पट मांडलेला असतो. भोवती पोरांचे कोंडाळे असते. एखादी मुलगी समोरच्या मुलावर मात करते आणि बघ्यांपैकी कोणीतरी कौतुकाने म्हणतो, "वा! मुलीच्या मानाने छान खेळते हो!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण 'मुलीच्या मानाने' या दोन शब्दांत एक जुना वाद दडलेला आहे. तो असा, की बुद्धिबळात स्त्रियांसाठी वेगळे किताब असावेत की नसावेत?

कुस्तीत वजनाप्रमाणे जोड लावतात, ते आपल्याला पटते. पण लाकडी प्यादे उचलायला अंगात बळ कितीसे लागते? मग इथे वेगळा किताब कशाला?

आधी एक गैरसमज दूर करू या. 'ग्रँडमास्टर' हा पुरुषांचा किताब नव्हे, बरं का! तो सर्वांचा आहे. स्त्रियांसाठी त्याशिवाय 'महिला ग्रँडमास्टर' असा आणखी एक किताब आहे, इतकेच. मात्र दोहोंचे माप एक नाही. मोठ्या किताबाला 2500 गुणांकन लागते, महिलांच्या किताबाला 2300. सर्वांसाठी खुला असलेला 'फिडे मास्टर' हा कितीतरी खालचा किताबही 2300 वरच मिळतो. वादाचे मूळ इथे आहे.

आता थोडे मागे जाऊ. 1927 साली लंडनला महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती जिंकली मॉस्कोत जन्मलेल्या व्हेरा मेंचिक या तरुणीने. 1929 साली कार्ल्सबाडच्या मोठ्या स्पर्धेत ती नामांकित पुरुषांच्या पंक्तीला बसली, तेव्हा बेकर नावाच्या खेळाडूने थट्टा केली, की हिच्याकडून जो हरेल त्याला 'मेंचिक क्लबा'चे सभासद करून घ्यावे. आणि पहा गंमत, पहिले सभासद झाले स्वतः बेकरच! त्या स्पर्धेत मेंचिक शेवटी राहिली, हेही सांगितले पाहिजे. पण पुढे या क्लबात मोठमोठी नावे आली. हॉलंडचे मॅक्स युवे तिच्याकडून दोनदा हरले, आणि तेच युवे 1935 साली जगज्जेते झाले. हे युवे ध्यानात ठेवा, ते आपल्याला पुन्हा भेटणार आहेत. मेंचिक मात्र 1944 साली लंडनवरच्या बाँबहल्ल्यात दगावली. तोपर्यंत महिलांचे जगज्जेतेपद तिच्याकडेच होते.

1950 साली 'फिडे' या जागतिक संघटनेने किताबांची रीतसर व्यवस्था लावली. त्याच वेळी महिलांचा वेगळा 'इंटरनॅशनल मास्टर' किताब निघाला. 'महिला ग्रँडमास्टर' हा किताब आला 1976 साली.

आणि याच 1976 साली आपल्याकडे काय घडले? मुंबईच्या खाडिलकर भगिनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, यांची नावे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असतील. 1974 ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीने जिंकली होती. धाकटी रोहिणी तेरा वर्षांची असताना थेट पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. केवढा गदारोळ झाला! मुलीने पुरुषांत खेळायचे म्हणजे काय? प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, 'फिडे'पर्यंत गेले. 'फिडे'च्या अध्यक्षांनी निकाल दिला, की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्त्रीला मज्जाव करता येणार नाही. आणि हे अध्यक्ष कोण? तर मेंचिककडून दोनदा हरलेले तेच मॅक्स युवे!

म्हणजे एकाच साली एकीकडे वेगळे आसन मांडले गेले, आणि दुसरीकडे मोठ्या दालनाचे दार उघडले. त्या दारातून बायका आत आल्याच. 1978 साली जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विली मोठ्या किताबाच्या पहिल्या मानकरी ठरल्या. 1991 साली हंगेरीच्या युदित पोल्गारने पंधराव्या वर्षीच तो मिळवला आणि बॉबी फिशरचा विक्रम मोडला. पुढे ती जगात आठव्या क्रमांकापर्यंत चढली. महिलांच्या जगज्जेतेपदासाठी ती कधी खेळलीच नाही.

यावरून काही जण म्हणतात, की झाले तर मग! वेगळा किताब काढून टाका. तो मुलीला सांगतो, तुला एवढेच पुरे. या म्हणण्यात तथ्य आहे.

पण दुसरी बाजूही ऐका. शेतकरी बियाण्यासाठी कणीस निवडतो. शंभर कणसांतून निवडलेले आणि दहांतून निवडलेले, यांत सरस कोणते निघण्याचा संभव अधिक? पटावर बसणाऱ्या मुली मुलांच्या मानाने फार थोड्या आहेत. आजवर झालेल्या महिला ग्रँडमास्टर सोडून द्या, सर्वांच्या मोठ्या किताबापर्यंत पोचलेल्या स्त्रिया अजून पन्नासही नाहीत. सारा फरक एवढ्यानेच उलगडतो असे नव्हे, पण बराचसा उलगडतो. शिवाय परगावी खेळायला जायचे तर खर्च आला, सोबत आली. नावापुढे किताब असला की पुष्कळ ठिकाणी प्रवेश-फी माफ होते, राहण्याची सोय होते, आणि घरची माणसे 'जा' म्हणतात.

आपल्या नागपूरची दिव्या देशमुख पहा. 2021 साली ती महिला ग्रँडमास्टर झाली. तिथे ती थांबली नाही. जुलै 2025 मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, जॉर्जियात बातुमी येथे तिने महिला विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर होत्या आपल्याच कोनेरू हंपी. मोठ्या किताबासाठी लागणारा एकही 'नॉर्म' तोवर दिव्याच्या हाती नव्हता, पण या विजयाने तो किताब तिला थेट मिळाला. महिलांच्या स्पर्धेतूनच ती सर्वांच्या दालनात पोचली.

म्हणून माझे मत असे, की वेगळा किताब आज मोडू नये. ती जिन्याची पायरी आहे, आणि वर जायचे त्याला पायरी हवीच. परंतु पायरीवर कोणी बिऱ्हाड करत नाही. मुली मुलांच्या बरोबरीने पटावर बसू लागल्या, की ही पायरी आपण होऊन काढून टाकावी.

तो दिवस जवळ आणणे 'फिडे'च्या हाती थोडे, आणि शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या हाती पुष्कळ आहे. तुमच्या शाळेतली मुलगी उद्या डाव जिंकेल, तेव्हा 'मुलीच्या मानाने' म्हणू नका. तिचा उंट कुठे अडकला, घोडा कुठे उशिरा निघाला, ते तिला दाखवा. आणि पुढचा डाव तिच्याहून तयारीच्या गड्याशी लावा. मग तो मुलगा असो की मुलगी.