परसबागेतील पाहुणे

आषाढ लागला की लोणावळ्याचा पाऊस आठ-आठ दिवस थांबत नाही. कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटते आणि मिस्साला येणाऱ्या मंडळींच्या छत्र्यांची रांग मंदिराच्या दारापासून पार व्हरांड्याच्या टोकापर्यंत लागते. अशाच एका रविवारी पवनेकडच्या गावातून येणाऱ्या एका आजींनी मिशनच्या स्वयंपाकघरात पातेले आणून ठेवले. आत आळूचे फदफदे होते. ‘‘फादर, परसातलंच आहे. पहिल्या पावसाचा आळू खाजत नाही,’’ असे सांगून त्या निघून गेल्या.

त्याच दिवशी धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाने विचारले, ‘‘फादर, शाळेतली मुलं म्हणतात की तुमचं खाणंपिणं सगळं पोर्तुगीजांचं. खरं आहे का?’’ मी त्याला चार गोष्टी सांगून वाटेला लावले. परंतु ते उत्तर माझे मलाच पटले नाही. दुपारी जेवायला बसलो आणि आजींच्या पातेल्यातच उत्तर असल्याचे ध्यानात आले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर होय.

वलूरकचा शिधा

मावळच्या अन्नाचा सर्वांत जुना लेखी पुरावा आपल्या डोळ्यांसमोरच आहे. कार्ल्याच्या लेण्यांना आपण सहलीसाठी जातो, खांब पाहतो, एकवीरेच्या यात्रेची गर्दी पाहतो. पण भिंतीवरील ब्राह्मी अक्षरांकडे फारसे कोणी पाहत नाही. क्षत्रप नहपान राजाचा जावई उषवदात याने वलूरक येथील, म्हणजे या लेण्यांतील भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दान दिल्याचे तेथील एका लेखात कोरलेले आहे. हा निर्वाह कोणासाठी? येथे वर्षावास करणाऱ्यांसाठी, म्हणजे पावसाळ्याचे महिने एका जागी राहणाऱ्यांसाठी. पुढे क्षत्रपांचे राज्य जाऊन सातवाहनांचे आले, तरी त्यांनीही ते गाव भिक्षूंकडेच राहू दिले. सातवाहनांच्या त्या आज्ञेत या मुलखाचे नाव ‘मामाल’ असे आले आहे. तोच आपला मावळ.

सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा लेख मला फार जवळचा वाटतो. मावळात पावसाळा हीच अन्नाची खरी कसोटी. नव्या भाताला अवकाश असतो, जुने कणगीच्या तळाशी गेलेले असते, वाटा बंद असतात. अशा वेळी डोंगरच घर चालवतो. टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी या भाज्या कोणी पेरत नाही. त्या पावसाबरोबर येतात आणि त्याच्याबरोबर जातात. घराघरांतील जाणत्या बाया पाने ओळखतात, कडू भाजीचे पहिले पाणी टाकून देतात, कोणती भाजी कोवळी असेपर्यंतच खायची हे सुनेला सांगतात. हे ज्ञान कोणत्याही शिलालेखात नाही. ते बोटांत आहे.

मात्र एक गोष्ट निश्चित. त्या भिक्षूंच्या शिध्यात मिरची नव्हती, बटाटा नव्हता, शेंगदाणा नव्हता, टोमॅटो नव्हता. या देशात त्या वेळी यांतले काहीच नव्हते.

जहाजातून आलेली मंडळी

१४९२ साली कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर पोहोचला आणि १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला. १५१० साली गोवा व १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती आली. मसाल्यांच्या शोधात आलेल्या या जहाजांच्या मार्गाने, काही लवकर तर काही बऱ्याच उशिरा, नव्या जगातील झाडे-वेली आपल्या किनाऱ्याला लागल्या. मिरची, काजू, पपई, अननस, पेरू, रताळे, मका, लाल भोपळा, बटाटा, भुईमूग ही सारी अमेरिका खंडाची लेकरे. अकबराच्या दरबारातील ‘ऐन-ए-अकबरी’ या ग्रंथात शाही पदार्थांची प्रमाणे दिली आहेत. त्यांत मिरी आहे, आले आहे, पण मिरची नाही. सोळावे शतक संपत आले तरी मिरची बादशाही मुदपाकखान्यात पोहोचलेली नव्हती. आज मिरचीवाचून मावळातल्या घरची पाटा-वरवंट्याची ओळख पटत नाही.

गंमत अशी की आपल्या लोकांनी या पाहुण्यांना घरचीच नावे दिली. मिरीसारखी तिखट म्हणून ती मिरची. जमिनीत धरणारा म्हणून तो भुईमूग. सीताफळ आणि रामफळ यांना तर थेट रामायणातील नावे मिळाली. पण वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांचेही मूळ अमेरिकेतच सांगतात. दसऱ्याला दाराला लावण्याच्या तोरणातील झेंडू मेक्सिकोकडचा. आषाढी एकादशीच्या ताटातील रताळे, बटाटा, शेंगदाण्याचे कूट व हिरवी मिरची यांतील एकही जिन्नस ज्ञानेश्वर माउलींच्या काळी आळंदीच्या बाजारात मिळाला नसता. ज्यांनी हे अन्न उपवासाला चालते असे प्रथम ठरवले, त्यांनी त्याचा जन्मदाखला मागितला नाही. ते जमिनीतून आले, अंगी लागले, गरिबाला परवडले. एवढे त्यांना पुरेसे होते.

आपल्या घरातही तेच झाले. वसईकडच्या घरांतील ‘इंद्याल’ हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘विन्हा दाल्होस’ म्हणजे द्राक्षमद्य व लसूण यांवरून आलेला. पण द्राक्षमद्याच्या जागी शिर्का आला, त्यात मिरची, जिरे व हळद आली, आणि पोर्तुगिजाला तो पदार्थ आपला म्हणून ओळखू येणार नाही इतका तो आपला झाला. पाव हा शब्दही त्यांचाच. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याची कथा वसईकडे पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज सत्ता तेथून गेली. मिरची मात्र कोणी परत पाठवली नाही. आज वडा-पाव हा साऱ्या महाराष्ट्राचा घास आहे, आणि त्यातील वडा बटाट्याचा आहे!

मीठ आणि तुळस

येथेच थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. परंतु इतिहास सांगायचा तर सोयीपुरता सांगू नये. ज्या सत्तेच्या जहाजांतून ही फळे आली, तिच्याच आश्रयाने १५६० साली गोव्यात धर्मसमीक्षण सभा म्हणजे इन्क्विझिशन आले. १७३६ सालच्या तिच्या एका फर्मानात नवख्रिस्ती घरांतील चालीरीतींवर मनाई घातलेली आहे. त्यांत दोन कलमे अशी: हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवू नये, आणि घराच्या आवारात वा बागेत तुळस लावू नये. चुलीवरचे पातेले आणि परसातील रोप यांच्यापर्यंत सत्तेचा हात पोहोचला होता. श्रद्धेचे रक्षण करावयाचे म्हणून भाताची चव तपासणे, हे प्रभूच्या शुभवर्तमानात कोठे सांगितले आहे? तोंडात जाते ते माणसाला अशुद्ध करीत नाही, असे तर स्वतः प्रभूनेच म्हटले होते.

हे लिहिताना मला एक कबुली द्यावीशी वाटते. धर्मगुरू होऊन मला जेमतेम वर्ष झाले होते. माझ्या पहिल्याच धर्मग्रामात एका विधवा बाईच्या दारात डब्यात लावलेली तुळस मी पाहिली आणि ‘‘हे आपल्याला शोभत नाही,’’ असे सेमिनरीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणाच्या आवेशात बोलून गेलो. बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या भेटीत डबा रिकामा होता. पावसाळ्यात नातवाच्या खोकल्यासाठी त्या आले, गवती चहा व तुळस यांचा काढा करीत, हे मला नंतर शेजारणीकडून कळले. त्या वेळी १७३६ चे फर्मान मी वाचलेले नव्हते. तरीही ते माझ्या तोंडून बोलत होते. त्या बाईंची क्षमा मागण्याचे माझ्याकडून राहून गेले.

घाटातील गूळ-दाणे

लोणावळ्यापुरते बोलायचे तर येथल्या स्वयंपाकघरांचा इतिहास रेल्वेने घडवला. १८५८ साली पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी आली; बोरघाट उतरणारा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. कामाचे कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल येथे आल्यावर थोड्याच दिवसांत १८५९ साली मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते काम पुढे चालवून तडीस नेले. ऐन भरात या घाटात चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीने व अपघातांनी त्यांतले किती गेले याचे हिशेब कोणी नीट ठेवले नाहीत. गूळ आणि शेंगदाणे हे अशा कष्टकऱ्यांचे अन्न. लोणावळ्याची चिक्की त्या गूळदाणीतूनच जन्मली असे येथील जुनी माणसे सांगतात. मूठभर दाणे दक्षिण अमेरिकेचे, गूळ आपल्या उसाचा, आणि भूक घाट खोदणाऱ्याची.

रेल्वेमागून शाळा आल्या, हवा पालटण्यासाठी बांधलेले बंगले आले, १९४५ साली नौदलाचे ‘शिवाजी’ हे केंद्र आले. त्यांच्या नोकऱ्यांसाठी गोवा, वसई, मंगळूर, नगर अशा ठिकाणांहून ख्रिस्ती कुटुंबे येथे उतरली. प्रत्येकाने आपला मसाला बरोबर आणला. परंतु परसबाग मात्र मावळाने दिली. म्हणून येथे नारळाच्या रसात भारंगी शिजते, आणि कोकणीभाषक घरात ८ सप्टेंबरला मारियामातेच्या जन्मोत्सवी नव्या भाताचे दाणे खिरीत घालताना ते दाणे इंद्रायणीकाठचे असतात.

त्या भाताचीही एक कथा आहे. मावळ-मुळशीचा आंबेमोहोर शिजू लागला की आंब्याच्या मोहराचा वास सुटतो. आजाऱ्याला आणि तान्ह्या लेकराला त्याचीच पेज. पण रोप उंच, वाऱ्याने लोळते, उतारा कमी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ आणि आय. आर.-८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ हे वाण तयार केले व १९८७ साली ते शेतकऱ्यांच्या हाती आले. आय. आर.-८ हे फिलिपाईन्समधले वाण. त्याच्या मागे एक इंडोनेशियाचा आणि एक तैवानचा भात. म्हणजे ज्याला आपण अस्सल मावळी म्हणतो त्या इंद्रायणीची आई येथली आणि बाप समुद्रापलीकडचा. तिच्या भाकरीवर आणि भातावर मावळाची एक पिढी वाढली.

आजींचे पातेले

आता त्या फदफद्याकडे येतो. दुसऱ्या रविवारी आजींना विचारून मी कृती लिहून घेतली. आळूची पाने व सोललेले देठ बारीक चिरावेत. सोबत आंबट चुका घ्यावा. मूठभर हरभऱ्याची डाळ आणि तेवढेच शेंगदाणे आधी भिजवून शिजवावेत. आळू मऊ शिजला की डावेने घोटावा, बेसन लावावे, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ व ओल्या खोबऱ्याचे काप घालावेत. वरून तेलात मोहरी, हिंग, मेथीदाणे व लाल मिरची यांची फोडणी. ‘‘चिंच शेवटी नको, घसा धरतो,’’ एवढे त्यांनी दोनदा बजावले.

आळू या मातीचा. शेंगदाणा आणि मिरची अमेरिकेची. चिंचेचे मूळ आफ्रिकेत. हिंग अफगाणिस्तानाकडचा. नारळ समुद्रकाठचा. आणि या सर्वांना एकत्र आणणारा हात मावळच्या एका निरक्षर बाईचा. बाळा, तुझ्या मित्रांना सांग: आपले खाणेपिणे पोर्तुगीजांचे नाही आणि त्यांचेही निव्वळ येथले नाही. आपण सारे एकाच पातेल्यातून जेवत आलो आहोत.

ते पातेले मात्र आता रिकामे होऊ लागले आहे. भातखाचरे विकली जात आहेत, परसाच्या जागी गाडी उभी राहते, आणि आळूला खाज का सुटते हे सांगणारी माणसे एकेक करून दफनभूमीत जात आहेत. आपल्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, लग्न व मरण यांच्या तारखा आहेत. स्वयंपाकाची नोंद कोणीच ठेवली नाही. म्हणून वाचक कुटुंबांना विनंती आहे: घरातल्या सर्वांत वडील बाईजवळ वही घेऊन बसा. पदार्थ, महिना, प्रमाण आणि तो कोणाकडून शिकला त्या बाईचे नाव, एवढे लिहा.

मिशनच्या परसात यंदा आळू आहे, मिरची आहे, पपई आहे. स्वयंपाकघराच्या दारापाशी तुळसही लावली आहे. पावसाळ्यात कोणाला खोकला झाला तर पाने न्यावीत. विचारण्याची गरज नाही.